मंडालेचे ताट

लोकमान्य टिळक म्हटले की पुणेरी पगडी, उपरणे आणि करारी नजर आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. दरवर्षी १ ऑगस्टला शाळाशाळांतून मुले शेंगांच्या टरफलांची गोष्ट पाठ करून सांगतात. हसनाबादची शाळा असो की पुण्याची, ती गोष्ट चुकत नाही. पण टिळकांच्या खाण्याशी संबंधित आणखी एक गोष्ट आहे, आणि ती शाळेत सांगितली जात नाही. टिळक मधुमेही होते. ज्या काळात या रोगावर खात्रीचे एकही औषध नव्हते, त्या काळात त्यांनी जेवणाच्या बळावर हा रोग काबूत ठेवला, आणि तेही परमुलखातल्या तुरुंगात. आज घरोघरी साखरेची गोळी पोचली आहे, तरी जेवणानंतर साखर किती चढणार हे पुष्कळसे ताटावरच ठरते. म्हणून टिळकांचे हे ताट जरा जवळून पाहण्यासारखे आहे.

कमावलेले शरीर

२३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेला हा मुलगा प्रकृतीने किरकोळ होता. वडील गंगाधरपंत शिक्षक. त्यांच्या बदलीमुळे कुटुंब १८६६ साली पुण्यास आले. त्याच वर्षी आई गेली आणि १८७२ साली वडीलही गेले. सोळाव्या वर्षी पोरका झालेला हा मुलगा डेक्कन कॉलेजात दाखल झाला, तेव्हा आपले शरीर पुढच्या कामाला पुरे पडणार नाही हे त्याच्या ध्यानात आले. मग कॉलेजचे पहिले वर्ष त्याने पुस्तकांऐवजी तालमीला दिले. कुस्ती, पोहणे, व्यायाम आणि त्याला साजेसा आहार हाच त्या वर्षाचा अभ्यास. परीक्षेचे नुकसान झाले, पण शरीर कमावले गेले. शरीर हे साधन आहे आणि ते राखावे लागते, ही समज टिळकांना विशीच्या आतच आली होती.

पुढची हकिगत सर्वांना ठाऊक आहे. १८७७ साली गणित घेऊन बी.ए., १८७९ साली एल्‌एल.बी., १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ साली केसरी आणि मराठा. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात आगरकरांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची शिक्षा झाली आणि सप्टेंबर १८९८ मध्ये सुटका झाली. दोन्ही वेळा तुरुंगातल्या अन्नाने त्यांचे वजन बरेच उतरले. व्यायामाने कमावलेले शरीर तुरुंग, वृत्तपत्राची जागरणे, खटले आणि दौरे यांत झिजत गेले. त्यातच पुढे मधुमेहाने घर केले. १९०८ साली तिसऱ्यांदा तुरुंगाचे दार उघडले तेव्हा हा रोग त्यांच्या सोबत होताच.

२२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा आणि हजार रुपये दंड सुनावला. दुसऱ्या दिवशी टिळकांना बावन्न वर्षे पूर्ण होत होती. प्रथम साबरमतीच्या तुरुंगात ठेवून सप्टेंबरमध्ये त्यांना ब्रह्मदेशातील मंडाले येथे नेण्यात आले. वय आणि प्रकृती पाहून शिक्षा साध्या कैदेवर आणली गेली, एवढीच काय ती सवलत.

सातूचे दिवस

मंडालेचा उन्हाळा भाजून काढणारा. टिळकांची कोठडी लाकडी फळ्यांची होती. फळ्यांच्या फटींतून ऊन, वारा, धूळ आणि पाऊस सारखेच आत येत. पुढे १९२५ साली सुभाषचंद्र बोस याच तुरुंगात कैदी म्हणून आले. मधुमेहाने ग्रासलेल्या प्रौढ माणसाने या जागी सहा वर्षे कशी काढली असतील, याचे त्यांना फार नवल वाटले आणि ते त्यांनी लिहूनही ठेवले.

टिळकांचा स्वयंपाक करण्यासाठी सातारा जिल्ह्यातील कुलकर्णी नावाचा एक कैदी देण्यात आला होता. सुटून आल्यावर या कुलकर्ण्यांनी मंडालेच्या आठवणी सांगितल्या आणि त्यामुळे टिळकांची तिथली दिनचर्या आपल्याला कळली. मधुमेहासाठी टिळकांनी आपल्या जेवणात एक मोठा बदल केला. कोकणस्थ घरातल्या माणसाचा जन्मभराचा भात मागे पडला आणि त्याच्या जागी सातूच्या पिठाचे पदार्थ आले. भाचे धोंडोपंत विद्वांस यांना जाणाऱ्या पत्रांतून पुस्तकांची मागणी, खटल्यांच्या सूचना आणि घरची चौकशी असे. त्यातच प्रकृतीचे वर्तमान येई, तेही थोडक्यात. रोग आहे, आहार सांभाळतो आहे, काळजी नसावी, असा त्या वर्तमानाचा सूर.

इथे एक खुलासा करायला हवा. आपल्याकडे दुकानात सातूचे पीठ म्हणून जे मिळते ते बहुधा भाजलेले गहू आणि डाळे यांचे असते, आणि ते गूळ किंवा साखर घालून कालवण्याची आपल्याला सवय आहे. टिळकांचे सातू म्हणजे जव, संस्कृतातला यव. पाकिटावर नाव सातू असले, तरी आत काय आहे हे मधुमेह्याने वाचून घ्यावे.

हे धान्य या रोगाला नवे नव्हते. चरकसंहितेत प्रमेहाच्या रुग्णासाठी यव हे मुख्य अन्न सांगितलेले आहे. आजच्या शास्त्राला त्याचे कारणही सापडले आहे. जवात बीटा-ग्लुकॅन नावाचा विरघळणारा तंतू भरपूर असतो. पोटात तो पाणी शोषून बुळबुळीत लापशीसारखा होतो. त्यामुळे अन्न आतड्यात सावकाश पुढे सरकते आणि पिष्टाची साखर होऊन ती रक्तात उतरण्याचा वेग मंदावतो. तेवढ्याच पिष्टाचा पांढरा भात खाल्ला तर साखर झपाट्याने वर जाते. जवाने ती हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. कोणते अन्न साखर किती वेगाने चढवते, याचे मोजमाप टोरांटोचे डेव्हिड जेन्किन्स यांनी १९८१ साली मांडले. टिळकांच्या ताटात सातू आले, त्यानंतर सत्तर वर्षांनी.

टिळकांच्या हाती मोजण्याचे साधनही तुटपुंजे होते. रक्तातली साखर घरबसल्या पाहण्याची सोय तेव्हा जगात कुठेच नव्हती. लघवी निळ्या द्रावणात उकळायची आणि रंग हिरवा, पिवळा की विटकरी होतो ते पाहायचे, एवढीच परीक्षा. लघवीत साखर उतरते ती साधारणपणे रक्तातली साखर १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावर. म्हणजे त्याच्या अलीकडचे चढउतार कोणालाच दिसत नसत. अशा आंधळ्या वाटेवर आधार एकच, तो म्हणजे नियम. काय खायचे, किती खायचे, केव्हा खायचे हे ठरवायचे आणि ते मोडायचे नाही.

या बाबतीत तुरुंगाने टिळकांना नकळत मदतच केली असे म्हटले तर वाचकांना ते विचित्र वाटेल. पण विचार करून पाहा. संध्याकाळी कोठडीला कुलूप लागण्यापूर्वी जेवण उरकावे लागे, म्हणजे रात्रीचे उशिराचे जेवण नाही. लग्नाच्या पंगती नाहीत, सत्काराचे पेढे नाहीत, आग्रह करणारा यजमान नाही. दिवस घड्याळाच्या काट्यावर बांधलेला. अशा बांधलेल्या दिवसांतच २ नोव्हेंबर १९१० ते ३० मार्च १९११ या पाच महिन्यांत गीतारहस्याचा खर्डा पेन्सिलीने लिहून झाला. त्याच काळात जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा अभ्यासही चालू होता. गीतारहस्याची थोरवी सातूमुळे आहे असे कोणी म्हणणार नाही. पण मधुमेह मोकाट सुटलेला माणूस सारखा थकतो, तहानेने आणि लघवीने रात्रभर उठतो, त्याची नजर मंदावते. एवढा ग्रंथ लिहायला लागणारे बळ त्या शरीरात टिकून राहिले, त्यात त्या रुक्ष ताटाचा वाटा नक्कीच आहे.

घरातला दुसरा रुग्ण

टिळकांच्या घरात मधुमेहाचा आणखी एक रुग्ण होता. सत्यभामाबाईंनाही हाच रोग होता. ७ जून १९१२ रोजी त्या पुण्यात वारल्या आणि ती बातमी टिळकांना मंडालेत तारेने कळली. सुटकेला तेव्हा दोन वर्षे उरली होती.

एकाच काळात, एकाच रोगाने पछाडलेली ही दोन माणसे. एक परमुलखात कैदेत, दुसरे आपल्या घरात. हा योगायोग मनाला चटका लावतो, आणि विचारही करायला लावतो. त्या काळच्या घरात बाईचे जेवण म्हणजे सर्वांची पाने उठल्यानंतरचे जेवण. उरले असेल ते, उरले असेल तेवढे आणि होईल त्या वेळी. वर महिन्याची चतुर्थी, एकादशी, श्रावणातले सोमवार. मधुमेहाला पथ्य लागते, आणि पथ्याला स्वतःचे असे ताट व स्वतःची अशी वेळ लागते. बाईच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी क्वचितच येत. आजही पुष्कळ घरांत येत नाहीत. नवऱ्याला साखर निघाली तर बायको वेगळी भाजी करते. बायकोला साखर निघाली तर तिच्यासाठी वेगळी भाजी कोण करतो, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा.

इन्शुलिनच्या उंबरठ्यावर

टिळकांच्या काळात पाश्चात्त्य वैद्यकही याच वाटेवर चाचपडत होते. १७९७ साली जॉन रोलो या लष्करी डॉक्टरने कॅप्टन मेरिडिथ नावाच्या रुग्णाचे धान्य तोडून त्याला मांसाहारावर ठेवले होते आणि त्याला गुण आला होता. १९१० नंतरच्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांनी रुग्णाला जवळजवळ उपाशी ठेवण्याची पद्धत रूढ केली. ज्या मुलांच्या शरीरात इन्शुलिन मुळीच तयार होत नाही, ती या उपासाने काही महिने, फार तर एखाद-दोन वर्षे जगत आणि अस्थिपंजर होऊन जात. टिळकांचे वय आणि रोगाची चाल पाहता त्यांचा मधुमेह आज आपण ज्याला दुसऱ्या प्रकारचा म्हणतो त्यातला असावा. म्हणूनच नुसत्या आहाराने तो वर्षानुवर्षे आवरता आला. हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे. पहिल्या प्रकारच्या रुग्णाला सातूने किंवा भाकरीने वाचवता येत नाही, त्याला इन्शुलिनच लागते.

१६ जून १९१४ च्या मध्यरात्री टिळक पुण्यात आपल्या दारी पोचले. शरीर खूपच थकलेले होते. सिंहगडावर विश्रांती झाली, जून १९१५ मध्ये गीतारहस्य छापून निघाले आणि मग कामाचा लोट पुन्हा सुरू झाला. १९१६ साली बेळगावला होमरूल लीगची स्थापना, त्याच वर्षी एकसष्टीचा सत्कार, लखनौ करार, गावोगावच्या सभा. १९१८ च्या सप्टेंबरात ते चिरोलवरच्या खटल्यासाठी विलायतेस निघाले आणि १९१९ च्या नोव्हेंबरात परतले. मंडालेतला नियम या धावपळीत कसा टिकावा? रोज नवे गाव, नवा यजमान, रात्री उशिरा संपणारी सभा आणि त्यानंतरचे जेवण. ज्या माणसाने गणपती चौकात आणून बसवला, त्याच्यापुढे प्रसादाचे ताट गावोगाव येणारच. मधुमेह्याला तुरुंगापेक्षा लोकांचे प्रेम अधिक अवघड जाते, असे गमतीने म्हणता येईल. पण ती गंमत नाही, रोजचा अनुभव आहे.

जुलै १९२० मध्ये टिळक मुंबईत सरदारगृहात मुक्कामाला होते. मोटारीतून फेरफटका मारून आल्यावर थंडी वाजून ताप भरला, पुढे न्यूमोनिया झाला आणि १ ऑगस्टच्या पहाटेपूर्वी सारे संपले. मधुमेह्याचे शरीर जंतूंशी झुंजण्यात कमी पडते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १९२१ च्या उन्हाळ्यात, टोरांटोत बॅन्टिंग आणि बेस्ट यांच्या हाती इन्शुलिन लागले. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला त्याची पहिली सुई टोचली गेली. इन्शुलिन असते तर टिळक वाचले असते असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. त्यांचे सारे आयुष्य मात्र त्या शोधाच्या अलीकडच्या तीरावर गेले, आणि तिथे त्यांच्या हातात होते ते फक्त ताट.

आपले ताट

आपण पलीकडच्या तीरावर आहोत. पण गर्दी किती वाढली आहे ते पाहा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा आता पुण्या-मुंबईच्या पोट सुटलेल्या शेठजींचा रोग राहिलेला नाही. भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादसारख्या गावातही तो ओसरीवर येऊन बसला आहे.

आपल्या भागाला सातू शोधत मंडालेला जाण्याची गरज नाही. आजीच्या पिढीत ज्वारी-बाजरीची भाकरी रोजची आणि गव्हाची पोळी सणाची होती. पुढे शिवारात कपाशी, मका आणि सोयाबीन वाढले, घरात रेशनचा गहू-तांदूळ आला आणि ताट बदलले. ते थोडे मागे वळवता येईल. पण एक गैरसमज आधी काढून टाकला पाहिजे. भाकरीत साखर नसते असे पुष्कळांना वाटते. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ७० ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ असतातच. भाकरीचा फायदा आहे तो तिच्या कोंड्यात आणि तिच्यासोबत काय खातो यात. चार भाकरी आणि चटणी खाल्ली तर साखर चढणारच. एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ किंवा पिठले, मेथीची किंवा चुक्याची भाजी, कांदा-काकडी आणि ताक असे ताट असेल तर ती बेताने चढेल. भाजी-कोशिंबीर आधी आणि भाकरी मागून खाल्ली तर आणखी बरे. जेवून लगेच आडवे न होता दहा-पंधरा मिनिटे वेशीपर्यंत चालून यावे. चालण्याचा हा उपाय सुश्रुतालाही ठाऊक होता.

जालन्याची मोसंबी भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे. ती मधुमेह्याने मुळीच खाऊ नये असे नाही. फोडी चावून खाल्ल्या तर चोथ्यासकट एका फळात भागते. रस काढला की तीन-चार फळांची साखर चोथ्यावाचून दोन घोटांत पोटात जाते. पाहुण्याला रस देणे हा आपला मान. मधुमेही पाहुण्याला फोडी देण्याचा मान आता शिकायला हवा.

राजूरच्या गणपतीला अंगारकीला लोटणारी गर्दी आपण पाहतो. त्या दिवशी घरोघर साबुदाणा शिजतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. दिवसभर उपाशी राहून रात्री पोटभर खिचडी आणि वर मोदक, हे मधुमेह्याच्या शरीराला झोके देण्यासारखे आहे. जो साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेतो, त्याची साखर उपासात ७० च्या खाली जाऊन घाम, थरथर आणि चक्कर येऊ शकते. अशा माणसाने उपासाआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. आणि आहार सुरू केला म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. टिळकांकडे गोळ्या नव्हत्या. त्यांची नक्कल करायची ती नियमाची, औषधाच्या अभावाची नव्हे.

टिळकांना न मिळालेले एक साधन आज आपल्याला सहज मिळते. बोटाच्या टोकावरच्या थेंबभर रक्तात साखर मोजता येते. जेवायला बसल्यापासून दोन तासांनी ती पाहावी. निरोगी माणसाची तेव्हा १४० च्या आत असते. बहुतेक मधुमेह्यांनी ती १८० च्या आत ठेवावी असे डॉक्टर सांगतात. वयस्कर माणसाचा आकडा डॉक्टर थोडा सैल धरतील. आज भाताने किती चढली, उद्या भाकरीने किती, परवा निम्म्या भाताने किती, हे चार दिवस लिहून ठेवले तर आपले ताट आपल्याला आपोआप शिकवू लागते.

राहता राहिला आग्रह. मंडालेत टिळकांना वाढणारा एकच माणूस होता आणि त्याला काय वाढायचे ते ठाऊक होते. आपल्या घरात वाढणारे हात पुष्कळ आहेत. एवढ्याने काय होते, सणाचा दिवस आहे, माझ्या हातचा एक घ्या, असे म्हणत प्रत्येक हात ताटात थोडी साखर टाकून जातो. मधुमेह एकाला होतो, पण त्याचे पथ्य साऱ्या घराला पाळावे लागते. येत्या १ ऑगस्टला मुले टरफलांची गोष्ट सांगतील तेव्हा त्यांना सातूची गोष्टही सांगावी. आणि त्या दिवशी घरात ज्याला साखर आहे, मग ती आजी असो की आई, तिला पहिल्या पंगतीला, वेळेवर आणि तिला चालेल तेच वाढावे.